गर्भातले दुखणे आणि बापाचा धर्म

कीर्तनकाराच्या मुखातून एखादे वाक्य सहज निघून जाते. टाळमृदंगाच्या नादात ते गोडही लागते, श्रोते माना डोलवितात आणि पुढल्या गावी तेच वाक्य आम्ही पुन्हा बोलतो. पण मांडवाच्या एखाद्या कोपऱ्यात ते कोणाच्या काळजात रुतून बसले, हे आम्हांस कळत नाही. सन २०२३ च्या माघ महिन्यात ते कळले. म्हणून हा लेख.

इंदापूर तालुक्यातील एका गावी सप्ताह होता. पाचव्या दिवसाची कीर्तनसेवा आमच्याकडे होती. निरूपण कर्मसिद्धांताचे चालले होते. ओघात आम्ही बोलून गेलो की, जन्मतःच कोणी आंधळा, कोणी पांगळा, कोणी रोगी निपजतो, हे सारे पूर्वकर्माचे फळ होय. चाळीस वर्षे हे वाक्य आम्ही बोलत आलो. कीर्तन संपले, आरती झाली, दर्शनाची रांग सरली, मंडप रिकामा झाला; तरी एक तरुण खांबाला टेकून उभाच. वडील त्याच गावचे विणेकरी, तो स्वतः टाळकरी. वय तिशीच्या आत. जवळ बोलाविले तेव्हा पाया पडला आणि खाली मान घालून बोलू लागला.

त्याच्या पत्नीला पाचवा महिना होता. चार दिवसांपूर्वी तालुक्याच्या गावी सोनोग्राफी केली. तपासणारे डॉक्टर आधी हसून बोलत होते, मग एकाएकी गप्प झाले. पोटावर एकाच जागी ते यंत्र पुन्हा पुन्हा फिरवू लागले. नंतर त्यांनी पत्नीला बाहेर बाकावर बसावयास सांगितले आणि याला एकट्याला थांबवून म्हणाले, "बाळाच्या हृदयात काही दोष दिसतो आहे. पुण्याला जाऊन खात्री करून घ्या." हा बाहेर आला आणि पत्नीला म्हणाला, "सगळं चांगलं आहे. एक तपासणी तेवढी पुण्याला करायची राहिली."

"चार दिवस झाले महाराज, ताटावर बसतो पण घास खाली उतरत नाही. ती विचारते काय झालं, मी म्हणतो उसाचं बिल अडकलंय. आज तुमचं कीर्तन ऐकलं. तुम्ही म्हणालात पूर्वकर्माचं फळ. मग एवढंच सांगा, कुणाचं कर्म? माझं, तिचं, का अजून उजेडसुद्धा न पाहिलेल्या त्या जिवाचं?"

वाचकहो, आमच्यापाशी वचने पुष्कळ होती. पाठशाळेत घोकलेली होती, जिभेवर होती. पण त्या पोराच्या डोळ्यांकडे पाहून एकही बाहेर येईना. आम्ही एवढेच म्हणालो, "बाबा, कर्माचं मागाहून पाहू. आधी घरी जा आणि तिला सांग."

तो दचकला. "तिच्या जिवाला काही झालं तर? पोटुशी बाई आहे." हा प्रश्न खोटा नव्हता. माया करणाऱ्या पुष्कळ नवऱ्यांच्या मनात तो येतो. वाईट बातमी आपल्या पोटात ठेवली म्हणजे तिचे रक्षण केले, असे वाटते. पण आम्हांस त्या वेळी सुश्रुतसंहितेतील शारीरस्थान आठवले. चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते, म्हणून त्या स्त्रीला दोन हृदयांची, दौहृदिनी असे तेथे म्हटले आहे. आपल्या मराठीतील 'डोहाळे' हा शब्दही त्याच कुळातला. डोहाळे म्हणजे चिंचा-बोरे एवढेच आपण समजतो. मूळ अर्थ दोन काळजांचा आहे. आम्ही त्याला म्हणालो, "अरे, दुखणं ज्या काळजात आहे ते तिच्या काळजाच्या खाली वीतभर अंतरावर धडधडतंय. ती गोष्ट तुला कळावी, मला कळावी, आणि तिलाच कळू नये, हा कोणता न्याय?"

त्याने त्याच रात्री सांगितले. दुसऱ्या दिवशी काल्याच्या तयारीत आम्ही असताना तो येऊन म्हणाला, "महाराज, तिला ठाऊकच होतं. म्हणाली, तुम्ही उसाला पाणी द्यायला गेलात आणि मोटार चालू न करताच परत आलात, तेव्हाच मला कळलं. रडली थोडी. राग तेवढा एकाच गोष्टीचा आला. म्हणाली, माझ्या पोटातली गोष्ट मलाच शेवटी कळावी का?"

आठ दिवसांनी ती दोघे पुण्यास निघाली. त्याच्या आग्रहावरून आम्हीही बरोबर गेलो. वाटेत तो म्हणाला की, हा मधला काळच फार वाईट. दोष आहे असेही नाही, नाही असेही नाही. आम्हांस न्यायशास्त्र आठवले. गौतममुनींनी जे सोळा पदार्थ सांगितले त्यांत संशय तिसरा आणि निर्णय नववा. मध्ये पाच पायऱ्या आहेत. तिन्हीसांजेला दूर काही उभे दिसते. खुंट की माणूस कळत नाही, तो संशय. जवळ जाऊन पाहिले म्हणजे निर्णय. पुष्कळ बाप संशयाच्या पायरीवर असतानाच मनाने निर्णयावर उडी मारतात. कोणी म्हणतो सारे संपले, कोणी म्हणतो यंत्रच खोटे. आजच्या वैद्यकातही पहिल्या काही तपासण्या केवळ चाळणी लावणाऱ्या असतात. त्यांत शंका निघाली म्हणजे रोग सिद्ध झाला असे नव्हे. पुढची तपासणी होईपर्यंत धीर धरणे ही त्या बापाची पहिली तपश्चर्या.

पुण्यात एका बाई डॉक्टरांनी त्या पेराएवढ्या हृदयाची तासभर तपासणी केली. मग तिघांनाही समोर बसवून कागदावर चित्र काढून समजाविले. दोष खराच होता. फॅलो नावाच्या फ्रेंच वैद्याने सन १८८८ मध्ये त्याचे वर्णन केले, म्हणून त्याचेच नाव या दोषास आहे. त्यात चार गोष्टी एकत्र असतात. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला छिद्र. फुप्फुसाकडे रक्त नेणारी वाट अरुंद. शरीराला शुद्ध रक्त पुरविणारी मोठी रोहिणी त्या छिद्रावर सरकलेली. आणि उजव्या कप्प्याची भिंत जाड. त्यामुळे शुद्ध आणि अशुद्ध रक्त मिसळते आणि जन्मल्यावर मूल निळसर पडू लागते. अशा मुलांवर पहिली शस्त्रक्रिया अमेरिकेत बाल्टिमोर येथे २९ नोव्हेंबर १९४४ रोजी झाली. आता तर बहुतेक मुलांचे छिद्र बुजवून वाट रुंद करण्याचे काम पहिल्या वर्षाच्या आसपासच करतात आणि त्यांतील बहुसंख्य मुले मोठी होतात, शाळेत जातात, संसारही करतात.

एक गोष्ट त्या बाईंनी सांगितली ती आमच्या मनात घर करून राहिली. पोटात असेपर्यंत बाळाला स्वतःच्या फुप्फुसांनी श्वास घ्यावा लागत नाही. प्राणवायू आईकडून नाळेतून येतो. म्हणून असले हृदय घेऊनही ते आत बहुधा सुखरूप वाढते. कसोटी लागते ती बाहेर आल्यावर. म्हणजे आईच्या हृदयाने त्या दुसऱ्या हृदयाचा भार आधीच उचललेला असतो.

तरुणाने विचारले, "बाई, हे माझ्यामुळं झालं का? मी तंबाखू खातो. पिकावर औषध फवारतो." त्या म्हणाल्या, "दर हजार बाळांमागे सुमारे आठ ते दहांच्या हृदयात लहानमोठा दोष असतोच. काही वेळा आईचा मधुमेह, काही औषधं, काही संसर्ग, काही वेळा पेशींतल्या गुणसूत्रांतला दोष अशी कारणं सापडतात. बऱ्याच वेळा काहीच सापडत नाही. तुमच्या बाबतीत अमक्यामुळेच झालं असं मी बोट ठेवून सांगू शकत नाही. तंबाखू मात्र सोडा." गुणसूत्रांसाठी गर्भजलाची तपासणी झाली, त्यात दोष निघाला नाही.

मग अवघड गोष्ट आली. कायद्यात काय वाटा आहेत, हेही डॉक्टरांनी सांगितले. सन १९७१ चा गर्भपाताचा कायदा २०२१ मध्ये दुरुस्त झाला. त्याप्रमाणे वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांच्या मताने, चोवीस आठवड्यांपर्यंत ठरावीक प्रसंगी दोघांच्या मताने, आणि गर्भात गंभीर व्यंग असेल तर त्यापुढेही वैद्यकीय मंडळाच्या मताने गर्भपात करता येतो. सज्ञान स्त्रीची संमती त्यासाठी हवी. नवऱ्याच्या सहीची गरज कायद्याने ठेवलेली नाही. ते ऐकून तो तरुण आमच्याकडे पाहू लागला. चार दिवस त्याने जिच्यापासून हे लपविले, तिच्याच हाती कायद्यानेही निर्णय ठेवला होता.

आमचे मत कोणी विचारील म्हणून लिहितो. भ्रूणहत्या हे शास्त्राने महापातक सांगितले आहे, हे आम्ही लपवीत नाही. परंतु ज्या घरावर हे संकट कोसळले त्याच्या दारात उभे राहून ते वचन ओरडणे, हे कीर्तनकाराचे काम नव्हे. काही दोष असे असतात की त्यांत जन्मलेले मूल तासभरही जगत नाही. काहींत आईच्या जिवाचा प्रश्न असतो. ती बाई आणि तिचा नवरा कोणत्या अग्नीतून जातात, हे त्यांचे त्यांना ठाऊक. त्या मुलीने मूल ठेवावयाचे ठरविले. तिने दुसरे काही ठरविले असते, तरी आम्ही तिच्या घरी पाणी प्यालो असतो.

घरी मात्र निराळाच प्रसंग घडला. तरुणाचे एक चुलते सर्वांसमक्ष म्हणाले, "आधी मुलगा का मुलगी ते काढा. मुलगा असला तर शेत विकून औषध करू." गर्भाचे लिंग सांगणे १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, ही गोष्ट तर आहेच. पण आम्हांस त्या बोलण्याने महाभारतातील कहोड ऋषी आठवले. गर्भातल्या मुलाने त्यांच्या पाठातली चूक दाखविली म्हणून ते रागावले, आणि त्यांच्या शापाने ते मूल आठ ठिकाणी वाकडे जन्मले, तेच अष्टावक्र. पुढे त्याच वाकड्या मुलाने जनकराजाच्या सभेत वाद जिंकून बापाला पाण्यातून सोडवून आणले. जन्माआधी मुलाविषयी बापाच्या तोंडून पहिला शब्द कोणता निघतो, याला मोल आहे. त्या दिवशी तो तरुण चुलत्यांना म्हणाला, "काका, जे असेल ते माझं आहे. शेत विकायचं का नाही ते मी बघतो." बापाचा धर्म काय, हे आम्हांस त्या वाक्यात पोथीपेक्षा स्पष्ट ऐकू आले.

आता त्याच्या मूळ प्रश्नाकडे येतो. कुणाचे कर्म?

शास्त्रकारांनी कर्मसिद्धांताला दोन कुंपणे घातली आहेत. केलेले फुकट जाऊ नये आणि न केलेले माथी येऊ नये. यांस कृतनाश आणि अकृताभ्यागम असे दोष म्हणतात. आता आईने काही केले आणि त्याचे फळ लेकराने भोगले असे म्हणावे, तर दुसऱ्या कुंपणातून आपण सरळ उडी मारली. म्हणजे गरोदर बाईला दोष देणारा माणूस कर्मसिद्धांत सांगत नसतो, तो मोडत असतो. मग म्हणाल, त्या जिवाचेच मागील जन्मीचे असेल. असेल; पण ते कोणी पाहिले? कर्माची गती गहन आहे असे गीतेत स्वतः भगवंतांनी सांगितले. ती आम्हांस कळली असे म्हणणारा सर्वज्ञ तरी असला पाहिजे किंवा उद्धट तरी. कर्मसिद्धांत हा ज्याने त्याने आपल्यापुरता वापरावयाचा आरसा आहे. दुसऱ्यावर उगारला की त्याची काठी होते. आणि संचित, प्रारब्ध, क्रियमाण या तिहींपैकी आपल्या हाती असते ते क्रियमाण. पुण्याची गाडी धरणे, पत्नीजवळ बसणे, तंबाखू सोडणे, पैशाची जुळवाजुळव करणे, हे सारे क्रियमाणच. गीता शोक करू नको म्हणते ती अपरिहार्य गोष्टीविषयी. ज्याला उपाय आहे ते अपरिहार्य नव्हे. तेथे उपाय करणे हाच धर्म.

हे सारे आम्ही आज शहाणपणाने लिहितो. पण वाचकांपासून एक गोष्ट लपविणे बरे नव्हे.

सन १९८० ची गोष्ट. आमचे वय तेवीस. १६ फेब्रुवारीला मोठे सूर्यग्रहण झाले. दक्षिणेत खग्रास, आपल्याकडे खंडग्रास. आमच्या सहधर्मचारिणींना तेव्हा तिसरा महिना होता. त्या श्रावणात मूल झाले. पाठीच्या कण्यावर उघडी गाठ होती. नऊ दिवस जगले. तेव्हा आमच्या गावी सोनोग्राफी कोठली! आधी काही कळण्याचा प्रश्नच नव्हता. घरातील वडीलधाऱ्या बायका म्हणाल्या, ग्रहणात हिने भाजी चिरली असणार. हे तिच्यासमोर बोलल्या, बाळंतिणीच्या खोलीत. आम्ही दारात उभे होतो. न्याय शिकलो होतो, अकृताभ्यागम तोंडपाठ होता. आणि आम्ही एक शब्द बोललो नाही.

पुण्यास त्या डॉक्टरबाईंना आम्ही एका बाजूस घेऊन हे विचारले. त्या म्हणाल्या, "महाराज, कणा मिटतो तो गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांच्या आत. पुष्कळदा बाईला दिवस गेल्याचं कळण्याच्याही आधी. तिसऱ्या महिन्यातल्या ग्रहणाचा त्याच्याशी काय संबंध? फोलिक ॲसिडची गोळी गर्भ राहण्याच्या आधीपासून घेतली तर हा दोष पुष्कळ टळतो. १९९१ साली इंग्लंडातल्या मोठ्या प्रयोगातून ते सिद्ध झालं. तुमच्या वेळी ते कुणालाच माहीत नव्हतं."

घरी आल्यावर आम्ही हे सहधर्मचारिणींना सांगितले. त्रेचाळीस वर्षे लोटली होती. त्या तांदूळ निवडत होत्या. हात न थांबविता म्हणाल्या, "अहो, त्या दिवशी विळीला मी हातसुद्धा लावला नव्हता. कुणी विचारलंच नाही."

आम्ही त्यांची क्षमा मागितली. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, आणि आम्हीही उत्तराचा हट्ट धरला नाही.

त्या तरुणाची कथा पुरी करतो. दोष आधी कळला होता, म्हणून प्रसूती जेथे बालहृदयाची सोय आहे अशा ठिकाणी करावयाची ठरली. आषाढात मुलगी झाली. तुकोबारायांची पालखी त्या वेळी त्याच्याच तालुक्यातून जात होती, वडील वीणा घेऊन दिंडीत होते आणि हा पुण्यात रुग्णालयाच्या ओसरीवर सतरंजी टाकून बसला होता. त्याची वारी चुकली. मला फोन करून म्हणाला, "महाराज, पाप लागेल का?" आम्ही म्हणालो, "अरे, पुंडलिकाने देवाला विटेवर उभं केलं ते कशासाठी? हातातली आईबापांची सेवा टाकून तो उठला नाही म्हणून. देवाला थांबायची सवय आहे. तू तिच्याजवळ बस."

मुलीची शस्त्रक्रिया आठव्या महिन्यात, सन २०२४ च्या माघात झाली. आता ती बोबडे बोलते. छातीवर मधोमध उभी रेघ आहे. डॉक्टरांकडे तिला जन्मभर अधूनमधून जावे लागेल. पण ही मुलगी वाचली म्हणून आमचे म्हणणे खरे, असे कोणी समजू नये. ती न वाचती तरी बापाचा धर्म हाच होता. आमचे मूल वाचणारे नव्हते. तरी त्या दारात आमचा धर्म होता आणि तो आम्ही चुकलो.

म्हणून माळकरी मंडळींस विनंती. आपल्या घरी, शेजारी, फडात असा प्रसंग आला तर तीन गोष्टी कराव्यात. बातमी आईपासून लपवू नये. नवऱ्याने स्वतः, शांतपणे, हात धरून सांगावी. संशयाला निर्णय समजू नये. मोठ्या ठिकाणी खात्री करावी. पैशाची अडचण असेल तर तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात चौकशी करावी. सन २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात हृदयदोषाच्या मुलांचाही समावेश आहे. आणि तिसरी गोष्ट अशी की, कोणी ग्रहण, नजर, पायगुण, पूर्वकर्म असे काही त्या बाईच्या माथी मारू लागला, तर घरातील पुरुषाने तेथल्या तेथे त्याला थांबवावे. मागाहून नव्हे.

आमच्या बरोबरीच्या कीर्तनकारांस एवढेच सांगणे की, कूर्मदासांची कथा आपण सारेच सांगतो. हातपाय नसलेला भक्त पैठणाहून पंढरीस निघाला, लऊळपर्यंत पोहोचला आणि देव पुढे होऊन त्याला भेटावयास आला. ती सांगताना समोरच्या मांडवात एखादी गरोदर लेक बसलेली आहे असे समजून सांगावी. ते जुने वाक्य आम्ही त्या माघापासून सोडले आहे. त्याच्या जागी आता आम्ही एवढेच म्हणतो की, दुःख कोणाचे हे विचारीत बसू नये. जवळ जाऊन बसावे.

रामकृष्णहरि.